ताजं की सुकं? तिरफळ, आमसूल, खोबरं आणि बाटलीतली सुकी कोथिंबीर

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय. माहेर विदर्भातलं, सासर मालवणकडचं, घरी सासूबाईंसारखी बांगड्याची आमटी करायला जातात पण ती चव काही येत नाही. दुकानातून सुकी कोथिंबीर, सुका कढीपत्ता, आलं पावडर, लसूण पावडर, धणे पूड, हळद आणि तयार मालवणी मसाला असं सगळं बाटल्या-पाकिटांतून आणलंय. तर सुकं वापरल्यामुळे चव जाते का, सगळं ताजंच लागतं का, आणि ताज्याऐवजी सुकं घालायचं तर प्रमाण काय धरायचं, असे त्यांचे तीन प्रश्न.

ताई, मी मालवण तालुक्यात गेली २६ वर्षं खानावळ चालवते. रोजची ४०-५० ताटं, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या दुप्पट. मसाला घरचा, वाटप (म्हणजे खोबरं-मसाल्याचं वाटण) रोजचं, त्यामुळे ओलं काय करतं आणि सुकं काय करतं हे रोज हाताखालून जातं, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

पहिली गोष्ट, "सगळं ताजंच पाहिजे" हे डोक्यातून काढा. आमच्या कोकणातलं जेवण निम्म्याहून जास्त सुक्या मालावर उभं आहे. इथे चार महिने पाऊस कोसळतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, भाजीवाला घाटावरून येईल तेव्हा येईल, मग त्या दिवसांत आमच्या सासू-आजेसासूंनी काय ताजं आणलं असतं? म्हणून एप्रिल-मे म्हणजे आगोटची धावपळ, खळ्यात एका बाजूला मिरच्या, एका बाजूला आमसुलं, दुसरीकडे सुकी मासळी, फणसाची साटं, आणि मिरग लागायच्या आत सगळं बरण्यांत नाहीतर डब्यांत बंद. सुकं म्हणजे कमी दर्जाचं असं इथे कोणी मानत नाही.

मग बिघडतं कुठे? बिघडतं ते एक वस्तू दुसरीच्या जागी घातली की. मी माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलींना एक साधी गोष्ट सांगते. सुकवल्यावर ज्या वस्तूला आपल्या भाषेत दुसरं नाव मिळालंय ती वस्तू सुकून वेगळीच झालेली आहे आणि ती बिनधास्त वापरायची, पण तिच्या स्वतःच्या जागी. रातांबा सुकला की आमसूल, आलं सुकलं की सुंठ, ओली हळद शिजून सुकली की हळकुंड, कैरीच्या फोडी सुकल्या की आंबोशी, कोळंबी सोलून सुकवली की सोडे, खजुराची खारीक, द्राक्षाचा मनुका. हे सगळे वेगळे पदार्थ आहेत. सोड्याची खिचडी कोणी ओल्या कोळंबीने करून तीच चव मागत नाही, बरोबर? आणि सुकलेल्या कोथिंबिरीला नाव काय? काही नाही, "सुकी कोथिंबीर". सुका कढीपत्ता? त्यालाही नाव नाही. पिढ्यानपिढ्या ज्या बायकांनी उन्हात काय काय वाळवलं नाही, त्यांना कोथिंबीर वाळवून ठेवण्यासारखी वाटली नाही, यातच सगळं आलं. ही कसोटी शंभर टक्के लागू पडत नाही, तिरफळ (आमच्याकडचं मिरीसारखं मसाल्याचं फळ) अपवाद आहे, त्याचं पुढे सांगते कारण तुमच्या आमटीचं खरं दुखणं मला तिथेच दिसतंय.

आधी तुमच्या बाटल्या एकेक बघू.

सुकी कोथिंबीर टाकून द्या किंवा सूपवर घालून संपवा. कोथिंबिरीच्या पानातला वास अगदी हलका असतो, पान चुरडलं की नाकात येतो आणि सुकताना तितक्याच सहज उडून जातो, मागे राहतो तो गवताचा चुरा. आणि एक गैरसमज, कोथिंबीर नाही म्हणून धणे पूड जास्त घालायची, असं करू नका. झाड एकच असलं तरी पानाचा वास वेगळ्या द्रव्यांचा आणि धण्याचा वेगळ्या, माझी लेक फूड टेक्नॉलॉजी शिकलीय, ती सांगते की धण्यात मुख्य लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य असतं आणि पानात ते फार कमी असतं. जिभेला ते आधीपासून माहीतच आहे म्हणा, धणे वाटपाला अंग देतात, आमटी दाट करतात, कोथिंबीर वर तरंगते. कोथिंबीर मिळाली नाही तर सरळ न घालता करा, आमच्याकडे पावसात कितीतरी वेळा तशीच होते, बांगड्याच्या आमटीचं कोथिंबिरीवाचून काही अडत नाही. ताजी जुडी आणलीत तर देठं फेकू नका, हिरव्या वाटपात देठंच जास्त वास देतात.

कढीपत्ता ताजाच. परसात झाड असेल तर प्रश्नच नाही, ठाण्यात कुंडीतही येतो, ऊन मात्र लागतं. बाजारातून जास्त आलाच तर पानं धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडी करून डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाका, तशीच गोठलेली तेलात टाकायची, जरा लांब उभं राहून कारण तडतडतात. वाळवायचाच असेल तर सावलीत वाळवा, उन्हात वाळवलेला पिवळा पडतो. तसला सावलीतला पाला तेलात कुरकुरीत करून सुक्या खोबऱ्याच्या चटणीत छान लागतो, पण फोडणीत त्याचा उपयोग नाही, वास यायच्या आत करपतो.

आलं पावडर म्हणजे सुंठ. आता सुंठ ही फार मोलाची वस्तू, पण आमटीतली नव्हे. आलं सुकताना त्यातला तिखटपणाच बदलतो, ओल्या आल्यात जिंजेरॉल असतं, सुकल्यावर त्यातल्या काहीचं शोगाओल होतं आणि ते जास्त जळजळीत, घशात उतरणारं. ओल्या आल्यात लिंबासारखा जो ताजेपणा असतो तो माशाचा वास मारतो, सुंठ ते काम करत नाही, उलट माशाला काढ्याचा वास लागतो. सुंठ आमरसात चिमूटभर, बाळंतिणीच्या लाडवात, गुळाच्या पदार्थात, काढ्यात घाला. अगदीच अडलं, रात्री नऊ वाजता आलं संपलं आणि मटण शिजतंय, तर किसलेल्या आल्याच्या एका मोठ्या चमच्याला पाव छोटा चमचा सुंठ, त्याच्यावर नाही.

लसूण पावडर. लसणीचा झणका पाकळी ठेचल्यावर तयार होतो, आख्ख्या पाकळीला वासच नसतो बघा, पेशी फुटल्या की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि मग तो वास निघतो. म्हणून ठेचून पाचदहा मिनिटं ठेवून मग वापरली तर जास्त चांगली. पावडरीत ते बरंचसं होऊन गेलेलं असतं, राहतो तो एक गोडसर, भाजका वास. माशाला कोरडं लावायला, रव्यात-तांदळाच्या पिठात मिसळून तळायला पावडर चालते, खोटं कशाला बोलू, ओल्या लसणीसारखी ती तव्यावर करपत नाही. सोलकढीत मात्र कधीच नाही. सोलकढीला ठेचलेली कच्ची लसूणच लागते.

हळदीची पूड बरोबर आहे, तीच वापरा. इथे उलट सांगते, हल्ली काही जण ओली हळद आरोग्याला चांगली म्हणून आमटीत किसून घालतात, त्याने आमटीला कच्चा मातकट वास येतो. हळकुंड करताना ओली हळद आधी उकडतात, मग दहापंधरा दिवस उन्हात वाळवतात, उकडल्याने कच्चा वास जातो आणि रंग आतपर्यंत सारखा पसरतो. आमटीला लागते ती ही चव. ओली हळद थंडीत मिळते तेव्हा तिचं लिंबू-आल्याबरोबर लोणचं घाला, त्याला तोड नाही.

हळदीचं पान ही मात्र पूर्ण ओली गोष्ट. नागपंचमीला, गौरी-गणपतीला पातोळ्या करतो आम्ही, पानावर तांदळाचं पीठ थापून, मध्ये गूळ-खोबऱ्याचं चून, पान दुमडून वाफेवर. सगळा वास पानाचा. पान वाळलं की त्यात काही राहत नाही, आणि हळदीची पानं फक्त पावसाळ्यात हिरवी असतात, पुढे थंडीत पिवळी पडून वाळतात. मुंबईकर पाहुणे डिसेंबरात पातोळ्या मागतात तेव्हा मी नाही सांगते, केळीच्या पानावर करून पातोळ्या म्हणून वाढणं मला पटत नाही. तुम्हाला हवी असतील तर श्रावणात पानं आणून, पुसून, गुंडाळी करून फ्रीजरमध्ये ठेवा, काही महिने बऱ्यापैकी राहतात.

तमालपत्राचं याच्या उलट. आमच्याकडे पोफळीच्या नाहीतर नारळीच्या बागेत दालचिनीची झाडं असतात, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची "कोकण तेज" जात बऱ्याच जणांनी लावलीय, त्याचं ओलं पान चुरडलं तर लवंगेसारखा इतका उग्र वास येतो की पुलावात टाकलं तर बाकी सगळं झाकून जातं. तेच पान सावलीत आठदहा दिवस सुकलं की नेमस्त होतं, मग वापरायचं. म्हणजे जाड, चिवट पानं सुकवून चांगली होतात आणि मऊ, पाणीदार पानं सुकली की गेली, हे ढोबळ धोरण ठेवा. पिझ्झावरच्या सुक्या पाल्याचंही तेच, ओरेगॅनो सुका चांगला, बेसिल सुकं निरुपयोगी. कसुरी मेथी सुकीच वापरायची, पुदिना ताक-रायत्यापुरता सुका चालतो.

आता प्रमाणाचा प्रश्न. सगळीकडे लिहिलेलं असतं की ताजं ३ तर सुकं १. हे पाल्यापुरतं ठीक, कारण पाणी उडालं की आकार तेवढा कमी होतो. पण आपल्या स्वयंपाकात ते फारसं उपयोगाचं नाही, कारण आपण एकाच्या जागी दुसरं घालतच नाही, दोन्ही वेगवेगळ्या वेळी घालतो. सुकं आधी, तेलात किंवा वाटपात, त्याला उमलायला वेळ आणि तेल लागतं. ओलं शेवटी, नाहीतर वास वाफेबरोबर जातो. मिरचीचा रंग बघा ना, पाण्यात कितीही उकळा तो फिकाच, तेलात परतला की लाल तवंग येतो, कारण रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरणारे.

मिरचीवर जरा थांबते कारण आमच्या मसाल्याचा जीव तोच. आमच्या मसाल्यात निम्मी ब्याडगी असते, रंगाला, ही कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून नाव पडलेली, सुरकुतलेली, तिखट कमी. मग संकेश्वरी आणि थोडी लवंगी किंवा गुंटूर, तिखटाला. ओली लाल मिरची वाटली तर आंबूस, भाजीसारखी चव येते, तीच उन्हात पूर्ण सुकून आली की मनुक्यासारखा गोडसर गंध येतो. तो गंध ओल्या मिरचीत नसतोच. तसंच हिरव्या मिरचीचं हिरवं वाटप सुक्या मिरचीने होणार नाही, तिसऱ्यांना (शिंपल्यांना), पापलेटला ते हिरवंच पाहिजे.

मसाला मी दर एप्रिलला करते. १ किलो मिरचीला साधारण पाव किलो धणे, ५० ग्रॅम बडीशेप, ५० ग्रॅम खसखस, लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल, शहाजिरं, चक्रीफूल प्रत्येकी २५ ग्रॅमच्या आसपास, मसाला वेलची, नागकेशर, जायपत्री १०-१० ग्रॅम, एक जायफळ, तीनचार हळकुंडं, थोडा खडा हिंग. घराघरांत प्रमाण वेगळं, माझ्या जाऊबाई बडीशेप दुप्पट घालतात आणि त्यांचं मटण माझ्यापेक्षा चांगलं होतं. मिरच्या तीन दिवस कडक उन्हात, बाकीचं एकेक वेगळं मंद आचेवर भाजायचं, एकत्र कधी भाजू नका, खसखस जळते आणि दगडफूल कच्चं राहतं. मग डंकावर कुटून आणायचं, गिरणीत दळलं की पीठ गरम होऊन वास तिथेच निघून जातो, कुटलेला जरा जाडसर राहतो आणि टिकतो.

एक वर्ष असं झालं की एप्रिलच्या शेवटी अवकाळी पाऊस आला, मिरच्या दोनच दिवस उन्हात राहिल्या, घाई होती म्हणून मी तशाच भाजून डंकावर पाठवल्या. जुलैत बरणी उघडली तर वरचा थर घट्ट ढेकूळ आणि आत पांढरी जाळी. ४ किलो मसाला खड्डा करून पुरला. तेव्हा शेजारणी म्हणाल्या वरचं काढून खालचं परत भाजून घे, मी नाही घेतलं आणि तुम्हीही कधी घेऊ नका, बुरशीचं विष भाजून जात नाही आणि डोळ्याला दिसतं त्याच्यापेक्षा खाली बरंच पसरलेलं असतं. तेव्हापासून मिरची हातात दाबली की देठापाशी कडकन मोडली पाहिजे, वाकली तर परत उन्हात. बरणीत भरताना तळाला आणि वर हिंगाचे खडे, रोजच्या वापराला छोटी बाटली वेगळी, चमचा ठणठणीत कोरडा. आणि उकळत्या भांड्यावर मसाल्याची बाटली धरून थेट शिंपडू नका, वाफ बाटलीत जाते. हे मुंबई-ठाण्याला पण तितकंच लागू आहे, हवा तिथेही दमटच.

तुमच्याकडे तयार मसाला आहे, तो वाईटच असेल असं नाही. पाकिटाच्या मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे पहिलं नाव मिरचीचं असलं पाहिजे. धणे पहिले असतील तर तो मसाला सौम्य, मग तुम्ही तिखटासाठी जास्त घालणार आणि आमटी धण्याने जड होणार. मीठ लिहिलंय का बघा, असेल तर आमटीत मीठ कमी करा. पॅकिंगची तारीख बघा, तीन महिन्यांच्या आतली घ्या, पाव किलोच्या वर घेऊ नका. शक्य असेल तर मुंबईत लालबागला जाऊन खडा माल घ्या आणि तिथेच कुटून आणा.

धणे पूड, मिरी पूड, लवंग पूड या तिन्ही विकतच्या घेऊच नका. आख्खा दाणा दोन वर्षं टिकतो, पूड दोन महिन्यांत निम्मी होते, कारण फोडल्यावर हवा लागायला जागा वाढते. मिरीचं गमतीशीर आहे, जुन्या मिरपुडीत तिखटपणा राहतो पण वास जातो, म्हणून जिभेला झोंबते पण चव लागत नाही आणि माणूस अजून घालत जातो. धणे तळहातावर चोळून बघायचे, वास आला तर चांगले. लवंग पाण्यात टाकली तर बुडली पाहिजे, तेल काढून घेतलेली लवंग तरंगते. मिरीत पपईच्या बिया मिसळतात, त्याही पाण्यात तरंगतात. दालचिनी म्हणून जाड, खरखरीत, एकाच थराची साल मिळते ती बहुतेक कॅशिया, खरी दालचिनी पातळ, कागदासारख्या थरांची गुंडाळी असते, बोटांनी मोडते.

आता खोबरं. तुम्ही विचारलं नाहीत पण ओल्या-सुक्याचा सगळ्यात मोठा प्रश्न आमच्याकडे हाच. माशाला ओलं खोबरं, कच्चं, न भाजता वाटलेलं. मटण-कोंबडीला, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला सुकं खोबरं, कांद्याबरोबर तांबूस होईपर्यंत भाजून. ओल्या खोबऱ्यात पाणी आणि दूध, त्याने आमटी मऊ होते, माशाचा ताजेपणा राहतो. सुक्यात तेल एकवटलेलं, ते भाजलं की जो खमंगपणा येतो तो मटणाला पेलतो, बांगड्याला नाही. काही जणी पाकिटातला डेसिकेटेड किस कोमट पाण्यात भिजवून ओल्या खोबऱ्याच्या जागी वापरतात. तो किस पुन्हा ओला होत नाही हो, वाटला तरी रवाळ राहतो आणि आमटी फाटल्यासारखी दिसते. ठाण्यात नारळ मिळतो, फोडा, खवा, जास्तीचा चव, म्हणजे खवलेलं खोबरं, फ्रीजरमध्ये ठेवा, दोन महिने उत्तम राहतो.

आमसूल. हे सुकंच वापरायचं, आणि तेही नवीन. मेमध्ये रातांबे पिकले की साल वेगळी करून, आतल्या रसात मीठ घालून, त्यात साल बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची, परत उन्हात, असं चारपाच दिवस. म्हणून चांगल्या आमसुलाला मीठ असतं आणि ते मऊ, जांभळट लाल असतं. अगदी काळं, कडक, चामड्यासारखं असेल तर जुनं आहे, आंबटपणा देईल पण रंग आणि वास नाही. काही ठिकाणी रसाची पुटं न देता नुसती वाळवलेली सालं आमसूल म्हणून विकतात, ती फिकट आणि पातळ असतात, तोंडात टाकून बघा, लगेच कळतं. चार बांगड्यांना पाचसहा आमसुलं, शेवटच्या पाच मिनिटांत. आधीपासून उकळली तर आमटी काळवंडते. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात घालू नका, आंबट त्याला खातं. आगळ (रातांब्याचा खारवलेला रस) असेल तर चार आमसुलांना एक मोठा चमचा, त्याला भरपूर मीठ असतं ते लक्षात ठेवून बाकीचं मीठ घाला.

आणि आता तिरफळ. ताई, तुमच्या यादीत तिरफळ नाही. बांगड्याच्या, तारल्याच्या आमटीला आमच्याकडे तिरफळच लागतं, सासूबाई घालत असणार आणि तुम्हाला ते मसाल्यात आहे असं वाटलं असणार. ही आमटी चुकायचं कारण मला नव्वद टक्के हेच वाटतं.

तिरफळाचं झाड काटेरी, गणपतीच्या आसपास हिरवे घोस लागतात, तेव्हा ओली तिरफळं बाजारात येतात. ओल्याचा वास हिरवट, लिंबाच्या सालीसारखा, जिभेला मुंग्या आणणारा. मग ती उन्हात सुकवली की फळ फाटतं, आतून काळी चकचकीत बी निघते, ती टाकून द्यायची, चव सगळी सालीत. चीनमध्ये जी सिचुआन मिरी वापरतात ती याच जातकुळीतली. सुकल्यावर हिरवटपणा जातो पण संत्र्याच्या सालीसारखा वास आणि मुंग्या दोन्ही टिकतात, नीट बंद बाटलीत वर्षभर. मघाशी कसोटीला अपवाद म्हणाले तो हा, सुकून वेगळं नाव मिळालं नाही तरी वस्तू तगली. कढीपत्ताही लिंबाच्याच कुळातला आणि तिरफळही, पण कढीपत्त्याचं तेल पातळ पानात असतं आणि याचं जाड सालीत, म्हणून हे सुकलं तरी आत धरून ठेवतं. गणपतीत मी ओली वापरते, इतर वेळी सुकी, आणि खरं सांगते, दोन्हींत मला सुकी जास्त आवडतात, ओल्याने आमटी जरा कोवळी लागते.

पण ती वाटायची नाहीत. मी नवीन सून असताना सगळ्या मसाल्याबरोबर पाट्यावर घेतली तर सासूबाई मागून म्हणाल्या, "तिरफळां वाटू नको गो, वाटप कडू होतलां." खलबत्त्यात नुसती ठेचायची, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे पाणी घालून, आणि पाण्यासकट आमटीत. ताटात आली तर बाजूला काढायची.

तर तुमची आमटी अशी करून बघा. चार मध्यम बांगडे. आठदहा ब्याडगी आणि दोन तिखट मिरच्या कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, पावडर नको, भिजलेल्या मिरचीच्या सालीने वाटपाला जो दाटपणा येतो तो पावडरीने येत नाही. एक मोठा चमचा धणे न भाजता, अर्धा चमचा हळद, एका मोठ्या वाटीभर ओलं खोबरं, सगळं एकत्र गंधासारखं वाटा, पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील. कांदा-लसूण घरोघरी वेगळं, आम्ही तिरफळाच्या आमटीत लसूण घालत नाही कारण दोन्ही वास भांडतात. वाटप पाणी घालून उकळत ठेवा, उकळी आली की आठदहा ठेचलेली सुकी तिरफळं, पाच मिनिटांनी मीठ आणि बांगडे, झाकण न ठेवता मंद आचेवर सात-आठ मिनिटं, त्यातल्या शेवटच्या पाच मिनिटांत आमसुलं. चमच्याने ढवळू नका, भांडं धरून हलवा. उतरवल्यावर एक चमचा कच्चं खोबरेल वरून, आणि अर्धा तास तशीच ठेवा, तिरफळाला उतरायला तेवढा वेळ लागतोच. दुसऱ्या दिवशी तर अजून चांगली लागते. तयार मालवणी मसाला यात अजिबात घालू नका, त्यातली दालचिनी-लवंग मटणासाठी आहे.

ठाण्यात तिरफळं कोकणी मालाच्या दुकानात मिळतात, घेताना बाटली उघडून वास घ्या, आणि आत काळ्या बिया खूप असतील तर घेऊ नका, वजन बियांचं आणि पैसे तुमचे. त्यापेक्षा सासूबाईंनाच सांगा, गावाहून कोणी येत असेल त्याच्याबरोबर नव्या आमसुलांची पिशवी आणि मूठभर तिरफळं पाठवायला, चौघांच्या घराला १०० ग्रॅम तिरफळं वर्षभर पुरतात.